रविवर्म्यांच्या समोर कोण बसले होते?



बडोद्यातल्या जुन्या मराठी घरांत एक गोष्ट हमखास ऐकायला मिळते. दांडिया बाजार घ्या, रावपुरा घ्या, वाडी घ्या. चहा होतो, जुने फोटो बाहेर निघतात आणि घरातली एखादी वडीलधारी बाई सांगते, "आमच्या पणजीला रविवर्म्याने समोर बसवून चित्र काढलंय. राजवाड्यातली ती दमयंती आहे ना, ती आमचीच पणजी." माझ्या ओळखीच्या चार घरांत अशी पणजी आहे. एका घरात ती दमयंती, दुसऱ्या घरात सुभद्रा, आणि उरलेल्या दोन्ही घरांचा हक्क एकाच मत्स्यगंधेवर.

मी बँकेत आयुष्य काढलं. व्हाउचर नसेल तर नोंद करायची नाही, ही सवय हाडीमाशी मुरलेली. निवृत्तीनंतर वेळ होता, म्हणून या पणज्यांचं खातं तपासायला घेतलं. त्यासाठी राजा रविवर्मा एकेक चित्र नेमकं कसं घडवत, हे आधी समजून घ्यावं लागलं. मिळेल तेवढं वाचलं, फतेहसिंहराव संग्रहालयात जाऊन ती चित्रं पुन्हा पुन्हा पाहिली. हाती जे लागलं ते पणजीच्या गोष्टीपेक्षा मोठं निघालं. म्हणून हा लांबलचक लेख. सवडीने वाचावा.

सुरुवात त्यांच्या शिक्षणापासून करतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. रविवर्मा १८४८ साली त्रावणकोरातल्या किळिमानूरला जन्मले. पहिले धडे मामा राजा राजा वर्मा यांच्याकडे, तेही तंजावर पद्धतीच्या चित्रकलेचे. पुढे त्रिवेंद्रमच्या दरबारात तैलरंग पाहायला मिळाले, पण शिकवायला कुणी तयार नाही. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांनी साफ नकार दिला. त्यांच्या हाताखालच्या अरुमुगम पिल्ले यांनी चोरून काही दाखवलं. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन नावाचे चित्रकार त्रावणकोरला आले. त्यांनी रविवर्मांना फक्त जवळ बसून काम पाहू दिलं. बस, एवढंच. म्हणजे हे गृहस्थ तैलचित्र शिकले ते दुसऱ्याच्या हाताकडे टक लावून पाहत. समोरच्याला निरखणं ही त्यांची खरी शाळा.

तैलरंगाचं वैशिष्ट्य असं, की तो सावकाश वाळतो. ओला आहे तोवर एक रंग दुसऱ्यात मिसळता येतो, वाळल्यावर त्यावर पुन्हा थर देता येतो. गालाची गोलाई, पापणीखालची सावली, रेशमाची चमक आणि मोत्याची वेगळी चमक, हे सगळं त्यामुळे साधतं. पण त्याची किंमत वेळात मोजावी लागते. समोर बसणाऱ्याला पुन्हा पुन्हा, त्याच जागी, त्याच उजेडात बसावं लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पणजीच्या हिशेबात तो पुढे लागणार आहे.

आता बडोद्याकडे येऊ. रविवर्मांना इथे आणणारे गृहस्थ म्हणजे दिवाण सर टी. माधवराव. हे आपल्यापैकीच, म्हणजे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरातले. जन्म १८२८ चा, कुंभकोणमचा. आधी त्रावणकोरचे दिवाण, मग १८७३ ते १८७५ इंदूरला होळकरांकडे, आणि १८७५ पासून बडोद्याला. इंदूरच्या वाचकांनी हेही नोंदवून ठेवावं. त्रावणकोरच्या दिवसांपासून त्यांना रविवर्मांचं नाव माहीत होतं. १८८० मध्ये रविवर्मांचं 'सीता भूमिप्रवेश' त्यांनी बडोद्यासाठी घेतलं, आणि पाठोपाठ चित्रकारालाच बोलावणं गेलं.

निमित्त होतं सयाजीराव महाराजांना राज्याधिकार मिळण्याचं. तो समारंभ २८ डिसेंबर १८८१ चा. त्या वेळच्या परिस्थितीचा जरा विचार करा. १८७५ मध्ये मल्हारराव पदच्युत झाले. त्यानंतर नाशिककडच्या कवळाणे गावातून एक मुलगा दत्तक आला आणि गादीवर बसला. राज्याधिकार हाती आले तेव्हा वय अवघं अठरा. या तरुणाकडे पाहिल्यावर रेसिडेंटला, सरदारांना आणि रयतेला 'हा राजा' असं वाटायला हवं होतं. व्यक्तिचित्रावर ती जबाबदारी होती.

अशा दरबारी चित्राची तेव्हाची रीत साधारण अशी. पूर्ण उंचीची आकृती, अंगावर राजवस्त्रं आणि खजिन्यातले दागिने. चेहऱ्यासाठी महाराज स्वतः बसायचे, पण राजाला वेळ थोडा. म्हणून त्या थोड्या बैठकांत चेहरा आणि हात पकडायचे. वस्त्र आणि दागिने समोर मांडून नंतर सावकाश रंगवता येत. रविवर्मांसोबत धाकटे बंधू सी. राजा राजा वर्मा असत. ते स्वतः उत्तम निसर्गचित्रकार. पुष्कळ चित्रांची पार्श्वभूमी त्यांच्या हातची आहे. त्यांनी पुढे १८९५ पासून रोजनिशी ठेवली आणि ती आज छापील मिळते. तिच्यामुळे या दोघांच्या कामाची घडी कळते: कुणाच्या बैठका झाल्या, कोणतं चित्र किती पुढे सरकलं, फोटोवरून काय घेतलं. एका सहीने बाहेर पडणाऱ्या चित्रामागे दोघांची मेहनत असे.

फोटोचं नाव निघालं म्हणून सांगतो. रविवर्मा फोटोचा आधार घेत, विशेषतः माणूस हयात नसेल तेव्हा. आणि जिथे फोटोही शक्य नव्हता तिथे जुनी चित्रं. १९०१ मध्ये उदयपूरला त्यांनी महाराणा प्रतापांचं चित्र केलं, ते दरबारातल्या जुन्या चित्रांच्या आधारे. आमच्या बँकेत नमुना सही कार्डावर असायची आणि चेकवरची सही तिच्याशी ताडून पाहायची. तसंच काहीसं हे. ताडून पाहायला काहीतरी हाताशी लागतंच.

पण दमयंतीची नमुना सही कुठून आणायची? ना फोटो, ना जुनं चित्र. पुराणातली माणसं समोर बसत नाहीत. व्यक्तिचित्रकार असलेल्या रविवर्मांपुढे हा प्रश्न मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो बडोद्यामुळेच.

१८८८ मध्ये उटकमंडला सयाजीराव महाराजांची आणि त्यांची भेट झाली. नव्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी चौदा पौराणिक चित्रांचं काम ठरलं. मोबदला पन्नास हजार रुपये. मी कॉमर्सचा माणूस, भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. एका चित्राला साधारण ३,५७० रुपये पडले. त्या काळात ही केवढी रक्कम होती हे वेगळं सांगायला नको. बदल्यात महाराजांना हवी होती रामायण, महाभारत आणि भागवतातली माणसं, अशी की पाहणाऱ्याला ती खरी वाटावीत.

रविवर्मांनी लगेच कुंचला उचलला नाही. आधी दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासाला निघाले. प्राचीन काळी स्त्री-पुरुष नेसत काय, याचा शोध घ्यायचा होता. पण पौराणिक काळचा सर्वमान्य पोशाख असा कुठे मिळणार? प्रांताप्रांताची तऱ्हा निराळी. शेवटी त्यांनी स्वतः ठरवलं: नायिका साडीत असतील. ते स्वतः केरळचे, घरच्या बायका मुंडू नेसणाऱ्या. त्यांनी नायर स्त्रियांची चित्रं त्याच वेषात काढलेली आहेत. पण देशभर ज्यांना ओळखायचं त्या स्त्रियांसाठी त्यांनी साडी घेतली, आणि पुष्कळदा ती आपल्याकडच्या नेसणीच्या वळणाची. आज लक्ष्मी, सरस्वती म्हटल्यावर काठापदराची साडी डोळ्यांपुढे येते, त्याचं एक मोठं मूळ या निर्णयात आहे.

पोशाखानंतर प्रसंग. कथा मोठी असते, चित्रात क्षण एकच मावतो. कोणता घ्यायचा? रविवर्मा बहुधा असा क्षण निवडतात की मागचं-पुढचं पाहणाऱ्याला आपोआप आठवावं. मेनका तान्ह्या शकुंतलेला घेऊन उभी आहे आणि विश्वामित्र हात आडवा धरून तोंड फिरवतात, ते चित्र आठवा. त्या एका हातात अख्खी गोष्ट आहे. आणि आपली मंडळी हा क्षण ओळखायला तयारच बसली होती. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचं 'शाकुंतल' १८८० मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं, 'सौभद्र' १८८२ मध्ये. अर्जुन-सुभद्रेचं चित्र बडोद्याच्या मराठी प्रेक्षकांपुढे आलं ते त्यानंतर आठ वर्षांनी. ज्यांच्या कानात सौभद्राची पदं होती त्यांना त्या चित्राची फोड करून सांगावी लागली नसणार.

पोशाख ठरला, प्रसंग ठरला. उरला चेहरा. आणि इथे व्यक्तिचित्रकाराचा हात नुसत्या कल्पनेवर चालत नाही. त्याला समोर माणूस लागतो. कुणाची मान, कुणाचा हात, कुणाची उभं राहण्याची ढब. ती समोर बसणाऱ्या बाईकडून घ्यायची आणि चित्रात तिचं नाव दमयंती ठेवायचं. एका चित्रातल्या एका नायिकेत एकाच बाईचं सगळं असेल असंही नाही.

आता पणजीच्या खात्याकडे वळू.

पहिली नोंद, जागा. ही चौदा चित्रं तयार झाली त्रावणकोरात. १८९० मध्ये ती पुरी झाली, तिथे लोकांना दाखवली गेली आणि मग बडोद्याला आली. इथेही ती पाहायला गर्दी लोटली. लक्ष्मी विलासच्या आवारात रविवर्मांचा स्टुडिओ होता हे खरं, ती इमारत अजून त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पण या चौदा चित्रांसाठी दांडिया बाजारातल्या पणजीला त्रिवेंद्रमला जावं लागलं असतं.

दुसरी नोंद, रिवाज. तैलचित्राच्या बैठका म्हणजे तासन्‌तास, दिवसेंदिवस. १८८०-९० च्या काळात आपल्या घरांतली सून परक्या पुरुषासमोर अशी बसली असती का? डोक्यावरचा पदर ढळला तरी सासूची नजर वळायची. राजघराण्यातल्या स्त्रियांची व्यक्तिचित्रं झाली, ती राजघराण्याची म्हणून. मध्यम घरातली बाई, तीही नाव लपवून, मेनका किंवा मत्स्यगंधा म्हणून? माझ्या पणजीबद्दल कुणी असं सांगितलं असतं तर त्या काळात भांडण झालं असतं. आज शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच आपल्याला मान वाटतो.

तेव्हा नोंद नामंजूर. चारही घरची मंडळी मला ओळखतात, रागावू नयेत.

पण खातं इथे बंद होत नाही. पणजी नव्हती, तर मग कोण होतं?

काही नावं मिळतात. एक रविवर्मांच्या घरातलंच. १८९३ चं त्यांचं प्रसिद्ध चित्र आहे, मराठीत त्याला 'बाबा आले!' म्हणू. पांढऱ्या मुंडूतली तरुण आई, कडेवर मूल, ती मुलाला कुणीतरी येताना दाखवते आहे. वडील चित्राच्या चौकटीबाहेर, पायाशी कुत्रा. ती आई म्हणजे रविवर्मांची मुलगी महाप्रभा. मुलीला समोर उभं करताना परवानगी कुणाची घ्यायची नव्हती.

मुंबईत काम वाढल्यावर प्रश्न आला, तेव्हा समोर बसायला ज्या स्त्रिया तयार झाल्या त्यांत गाण्या-नाचण्याच्या पेशातल्या होत्या. राजीबाई मुळगावकर हे नाव या संदर्भात घेतलं जातं. त्या मूळच्या गोव्याकडच्या. दुसरं नाव अंजनीबाई मालपेकर यांचं, त्याही गोव्याच्या. अंजनीबाईंचा जन्म १८८३ चा. म्हणजे बडोद्याची चौदा चित्रं पुरी झाली तेव्हा त्या सात वर्षांच्या. तेव्हा त्या चित्रांशी त्यांचा संबंध जोडणारे लेख चुकीचे आहेत, एवढं साध्या वजाबाकीत कळतं. पुढच्या एखाद्या चित्राबद्दल बोलायचं तर निदान वय तरी जुळतं.

अंजनीबाई कोण होत्या हे मात्र चित्राच्या निमित्ताने विसरलं जाऊ नये. भेंडीबाजार घराण्याच्या थोर गायिका. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या पहिल्या स्त्री. कुमार गंधर्व आणि किशोरी आमोणकर यांना त्यांची तालीम मिळाली. देवास-इंदूरच्या आणि गोव्याच्या मंडळींना त्यांचं मोठेपण मी काय सांगावं. पण रविवर्म्यांवरच्या गप्पांत त्या येतात त्या 'सुंदर होत्या, मॉडेल होत्या' एवढ्यापुरत्या.

आणि या दोघी निदान नावाने तरी उरल्या. बाकीच्या कितीतरी उरल्या नाहीत. आम्ही बँकेत 'सस्पेन्स खातं' ठेवायचो. रक्कम आलेली असते, कुणाकडून आली ते कळलेलं नसतं, म्हणून ती तात्पुरती तिथे ठेवायची आणि शोध चालू ठेवायचा. या स्त्रियांचं देणं तसं पडून आहे. त्यांना समोर बसण्याचे पैसे मिळाले असतील, पण चित्राखाली नाव आलं चित्रकाराचं आणि पुराणातल्या नायिकेचं.

याचं महत्त्व कळायला पुढची हकिकत पाहावी लागते. १८९४ मध्ये रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला. जर्मन तंत्रज्ञ आणले. शिळेवरचं छापकाम, प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकावर एक छाप नेमके बसवायचे. पहिलं चित्र शकुंतलाजन्माचं, वर सांगितलेलं विश्वामित्र-मेनकेचं. पुढे प्लेगच्या दिवसांत छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि नंतर फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकला गेला. धंदा म्हणून रविवर्मांना तो फारसा लाभला नाही. पण राजवाड्यातली चित्रं आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. बेळगावच्या दुकानात, ग्वाल्हेरच्या वाड्यात, हैदराबादच्या देवघरात एकच लक्ष्मी.

आता हिशेब मांडा. ज्या पेशातल्या बाईला आपल्या वाडवडिलांनी हळदीकुंकवाला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं, तिच्यासारख्या एखाद्या बाईची मान, बोटं, नजर देवघरातल्या तसबिरीत आली असण्याचा संभव आहे. आपल्या आज्यांनी तिला रोज फूल वाहिलं. माझ्या आजीच्या देवघरातही ती लक्ष्मी होती, काचेवर कुंकवाचे डाग पडलेली. आजीला हे कुणी सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, मला ठाऊक नाही. मला स्वतःला विचाराल तर त्या तसबिरीबद्दलचा आदर यामुळे वाढतो.

एक उलट उदाहरण देऊन थांबतो, कारण त्यात एक सोपी शिकवण आहे. हातात समई घेतलेल्या स्त्रीचं एक सुंदर चित्र दर दिवाळीला फोनवर फिरतं, खाली लिहिलेलं असतं 'राजा रविवर्मा'. ते रविवर्मांचं नाही. ते सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचं. ते म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. काढलं गेलं १९४५-४६ च्या सुमारास, म्हणजे रविवर्मा निवर्तल्यावर जवळपास चाळीस वर्षांनी. शिवाय ते जलरंगात आहे. ज्योतीवर आडव्या धरलेल्या बोटांतून तांबूस उजेड झिरपतो तो पाहा. जलरंगात अशी चूक दुरुस्त करायची सोय जवळजवळ नसते, तैलरंगासारखा थर देऊन झाकता येत नाही. दिवा धरून उभी आहे ती हळदणकरांची मुलगी. हे आपल्याला पक्कं माहीत आहे, कारण ती शंभरी ओलांडून कोल्हापुरात २०१८ पर्यंत होती आणि तिने स्वतः सांगितलं. सांगायला ती होती आणि ऐकून लिहून घ्यायला कुणीतरी होतं, म्हणून नाव राहिलं.

तेव्हा मंडळी, दोन विनंत्या.

घरात रविवर्म्यांच्या छापखान्याची जुनी तसबीर असेल तर ती रंग उडाला म्हणून फेकू नका. मागचा पुठ्ठा काढून पाहा, छापखान्याचं नाव, गाव असेल तर फोटो काढून ठेवा. कागद जपण्यासाठी उन्हापासून लांब लावा.

आणि घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे, साध्या पेन्सिलीने, कोण बसलं आहे ते आजच लिहा. पणजी दमयंती नसली तरी चालेल. ती पणजी होती, तिचं माहेरचं नाव हे होतं, ती या गावची, एवढं तरी लिहा. हे सांगणारी माणसं घरोघरी आता एक-दोनच उरली आहेत. त्यांना विचारा.

गोव्याच्या मंडळींपैकी कुणाच्या घरी मुंबईत चित्रकारांसमोर बसलेल्या एखाद्या पूर्वज स्त्रीची आठवण असेल, कागद असेल, तर जरूर लिहा. संकोच करू नका. त्या नोंदीची वाट मी पाहतोय.

आपला,
बडोद्याचा एक निवृत्त बँकवाला